पत्ता असा थोडाथोडा कळतो

लग्नाच्या बायोडेटाची दोन पानांची पीडीएफ. वर गणपतीचं चित्र, त्याखाली 'श्री गणेशाय नमः', उजव्या कोपऱ्यात फोटो. मग मुलीचं पूर्ण नाव, जन्मतारीख, जन्मवेळ अगदी मिनिटापर्यंत, जन्मठिकाण, रास, नक्षत्र, उंची, शिक्षण, कुठली कंपनी, कुठलं ऑफिस, पगार किती. खाली वडिलांचा हुद्दा, भावाचं शिक्षण, मामांचं आडनाव आणि गाव, सोसायटीच्या नावासकट आणि फ्लॅट नंबरासकट घरचा पत्ता, दोन मोबाईल नंबर. ही फाईल आधी नात्यातल्या ग्रुपवर जाते, तिथून वधू-वर ग्रुपवर, तिथून अशा ग्रुपवर की ज्याच्या अॅडमिनला घरातलं कोणीच ओळखत नाही. लग्न जमतं, बारसं होतं, तरी फाईल फिरतच राहते.

पाठलाग करणाऱ्याला महिनाभर खपून जे गोळा करावं लागलं असतं, ते या दोन पानांत एकत्र बांधून मिळतं. आणि ते देणारे आईवडील, काका, आत्या असतात. मनात फक्त काळजी असते, चांगलं स्थळ मिळावं एवढीच इच्छा असते. म्हणूनच हा विषय तरुण मुलींना 'जपून राहा' असं सांगून संपत नाही. तो सगळ्या घराचा आहे.

ऑनलाइन पाठलाग म्हटलं की डोळ्यांसमोर पासवर्ड फोडणारा कोणी तरबेज माणूस येतो. बहुतेक वेळा कोणी काही फोडलेलं नसतं. उघड्यावर पडलेले तुकडे कोणीतरी चिकाटीनं जोडलेले असतात. 2019 साली जपानमध्ये एका तरुण गायिकेवर तिच्या घराजवळ हल्ला झाला. हल्लेखोरानं पोलिसांना सांगितलेली पद्धत जगभर छापून आली. तिच्या सेल्फीत तिच्याच बुबुळांत रेल्वे स्टेशनचं प्रतिबिंब दिसत होतं. ते मोठं करून, गूगलच्या रस्त्यांच्या चित्रांशी ताडून त्यानं स्टेशन ओळखलं. घरातल्या व्हिडिओंमधले पडदे आणि खिडकीतून येणारा उजेड पाहून मजला ठरवण्याचाही प्रयत्न केला. तिनं पत्ता कुठेही लिहिला नव्हता.

आपल्याकडे बुबुळापर्यंत जायची गरजही पडत नाही. रेल्वेच्या तिकिटाचा फोटो 'गावाला निघालो' म्हणून टाकला की त्यावर दहा आकडी पीएनआर असतो. तो कोणीही रेल्वेच्या साइटवर टाकला की गाडी, तारीख, चढायचं स्टेशन, डबा आणि बर्थ समोर येतात. नव्या स्कूटरला हार घातलेल्या फोटोत नंबरप्लेट स्पष्ट असते. घरच्या गणपतीच्या व्हिडिओत मखरामागची खिडकी आणि खिडकीतून दिसणारी समोरच्या इमारतीची पाटी येते. ऑनलाइन मागवलेल्या पार्सलचा खोका कचऱ्यात जातो, पण त्यावर नाव, पत्ता, नंबर चिकटलेला असतो. मतदार यादी सार्वजनिक दस्तऐवज आहे. तिच्यात नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव, वय आणि घर क्रमांक असतो. एखाद्याचा मोबाईल नंबर पैसे पाठवण्याच्या अॅपमध्ये टाकला की, तो यूपीआयला जोडलेला असेल तर, बँकेत नोंदलेलं नाव दिसतं. म्हणजे ज्याच्याकडे फक्त नंबर आहे त्याला नाव मिळतं, नावावरून फेसबुक, फेसबुकवरून मावशीचं अकाउंट, आणि मावशीच्या भिंतीवर 2016 पासूनचे सगळे वाढदिवस. थेंबे थेंबे तळे साचे, ते असं.

यातलं मतदार यादीसारखं काही आपल्या हातात नाही. जे हातात आहे त्यात सगळ्यात मोठं काम बायोडेटाचं आहे, म्हणून आधी तेच.

बायोडेटा दोन टप्प्यांत करावा. पहिल्या टप्प्यात एकच पान: पहिलं नाव, जन्मवर्ष, शिक्षण, कामाचं क्षेत्र पण कंपनीचं नाव नाही, शहर पण भाग नाही, आणि घरातल्या एका मोठ्या माणसाचा नंबर. मुलीचा स्वतःचा नंबर कधीच नाही. जमलं तर या कामापुरतं वेगळं सिमकार्ड घ्यावं, लग्न जमलं की ते बंद करता येतं. जन्मवेळ आणि जन्मठिकाण पत्रिका जुळवताना लागतं, पहिल्या फॉरवर्डला लागत नाही. पूर्ण नाव आणि जन्मतारीख हे तर बँकेच्या फोनवर ओळख पटवताना विचारले जाणारे प्रश्न आहेत. ते ग्रुपवर टाकणं पाठलागाच्या भीतीपलीकडेही नुकसानीचं आहे. फोटो पीडीएफमध्ये चिकटवू नये. दोन्ही घरांचं एकदा बोलणं झाल्यावर वेगळा पाठवावा. दुसऱ्या टप्प्याची सविस्तर प्रत ज्याला द्यायची त्याच्या नावानं करावी, पानावर आडवी फिकट अक्षरं: 'श्री. अमुक यांच्यासाठी, मार्च 2025'. हे पाच मिनिटांचं काम आहे. उद्या ती प्रत भलत्याच ठिकाणी दिसली तर कुठून सुटली ते कळतं, आणि आपलं नाव तिथे आहे म्हटल्यावर बहुतेक लोक ती पुढे ढकलतही नाहीत.

आधीच फिरत असलेल्या फाईलचं काय? व्हॉट्सअॅपवर 'सगळ्यांसाठी डिलीट' करायची मुदत साधारण अडीच दिवसांची आहे आणि ती फक्त आपण पाठवलेल्या प्रतीला लागू होते. पुढे गेलेली प्रत परत येत नाही. तिथे एकच उपाय उरतो: त्या फाईलमधली माहिती शिळी करणं. नंबर बदलला, प्रोफाइलचा फोटो बदलला, नोकरी बदलल्याचं कुठे जाहीर केलं नाही, की तुकडे जुळायचे थांबतात. वधू-वर मंडळाच्या साइटवर फाईल असेल तर लग्न ठरल्याच्या दिवशी लेखी ईमेल करून ती काढायला सांगावी. फोनवर सांगितलेलं राहून जातं.

पीडीएफ किंवा नंबर एखाद्या वेबसाइटवर चढला असेल तर शोधल्याशिवाय कळत नाही. ब्राउझरच्या इन्कॉग्निटो खिडकीत, लॉगिन न करता, आपलं नाव दुहेरी अवतरणचिन्हांत टाकून शोधावं. नंतर नंबर, सलग आणि पाच आकड्यांनंतर जागा सोडून, दोन्ही प्रकारे. मग नेहमीचा प्रोफाइल फोटो गूगल लेन्समध्ये टाकावा. घरचा पत्ता किंवा नंबर शोध-निकालात दिसत असेल तर गूगलकडे तो काढायची विनंती करता येते. पण त्यानं फक्त निकाल जातो, मूळ पान तसंच राहतं. त्यासाठी त्या साइटच्या मालकालाच लिहावं लागतं. ट्रूकॉलरवर आपण कधीच नसलो तरी आपलं नाव असू शकतं, कारण ते दुसऱ्यांच्या फोनबुकातून जमतं. त्यांच्या साइटवर नंबर यादीतून काढण्याची सोय आहे. स्वतःचं अकाउंट असेल तर आधी ते बंद करावं लागतं.

सेटिंगची माहिती इंटरनेटवर भरपूर मिळते, म्हणून इथे थोडक्यात. इन्स्टाग्राम प्रायव्हेट करणं ठीक, पण आत आधीच बसलेले सातशे फॉलोअर तसेच राहतात. यादी उघडून एकेक नाव 'रिमूव्ह' करावं, त्यांना सूचना जात नाही. ब्लॉक करताना 'या व्यक्तीची इतर आणि पुढे उघडेल ती अकाउंट्स' हा पर्याय निवडावा. फेसबुकचं 'प्रोफाइल लॉक' चालू करावं, आणि जुन्या सार्वजनिक पोस्ट एका झटक्यात मित्रांपुरत्या करायचा 'लिमिट पास्ट पोस्ट्स' हा पर्यायही वापरावा. व्हॉट्सअॅपचा फोटो, लास्ट सीन आणि ग्रुपमध्ये कोण घालू शकतं हे तिन्ही 'माय कॉन्टॅक्ट्स'वर ठेवावं. टेलिग्रामवर नंबर 'नोबडी'वर. स्नॅपचॅटचा नकाशा 'घोस्ट मोड'मध्ये, तोही तीन तासांपुरता नाही, आपण बंद करेपर्यंत. धावण्या-चालण्याची नोंद ठेवणाऱ्या अॅपकडे मात्र कोणी बघत नाही. रोज सकाळी सहाला एकाच दारातून सुरू होऊन त्याच दारात संपणारी रेघ म्हणजे घराचा पत्ता. 2018 साली स्ट्रावाच्या अशाच रेघांच्या एकत्रित नकाशावरून परदेशातले लष्करी तळ ओळखता आले होते. त्या अॅपमध्ये सुरुवात आणि शेवटाचा 1600 मीटरपर्यंतचा भाग झाकता येतो. फोटोत दडलेलं जीपीएस व्हॉट्सअॅपवर फोटो म्हणून पाठवताना निघून जातं, पण 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवला तर ते आतच राहतं.

आणि ठिकाण सांगायचंच असेल तर तिथून निघाल्यावर सांगावं. हॉटेलचा फोटो घरी आल्यावरही तितकाच छान दिसतो.

आता अवघड भागाकडे. पाठलाग करणारा अनोळखीच असतो असं नाही. पूर्वीचा मित्र, मोडलेल्या लग्नातला मुलगा, वेगळा राहणारा नवरा, ऑफिसमधला सहकारी. यांच्यापैकी कोणी असेल तर वरची सगळी सेटिंग अपुरी पडतात, कारण तो बाहेरून बघत नसतो, आत असतो. फोन कधीतरी त्याच्या हातात होता, पासकोड त्याला माहीत होता. 'मी कुठे जाते, कोणाशी बोलते, हे त्याला कसं कळतं?' या प्रश्नाचं उत्तर पुष्कळदा व्हॉट्सअॅपच्या 'लिंक्ड डिव्हाइसेस'मध्ये मिळतं. मुख्य फोनखेरीज चार उपकरणं जोडता येतात. कोणीतरी अर्ध्या मिनिटात कोड स्कॅन करून आपला लॅपटॉप जोडलेला असतो आणि प्रत्येक मेसेज तिथे उमटत असतो. ती यादी आज उघडून बघावी. ओळखीचं नसेल त्याचा आधी स्क्रीनशॉट घ्यावा, मग लॉग आउट करावं.

पुढचा क्रम महत्त्वाचा आहे आणि चूक इथेच होते. लोक आधी इन्स्टाग्रामचा पासवर्ड बदलतात, पण नवा पासवर्ड ठरवण्याची लिंक ईमेलवर येते आणि ईमेल त्याच्या लॅपटॉपवर उघडं असतं. म्हणून आधी फोनचा पासकोड. मग ईमेल: पासवर्ड बदलायचा, 'युअर डिव्हाइसेस'मधून बाकी सगळी उपकरणं बाहेर काढायची, आणि रिकव्हरीचा नंबर व पर्यायी ईमेल कोणाचे आहेत ते बघायचं. तिथे तीन वर्षांपूर्वी त्याचाच नंबर टाकलेला असतो. मग गूगल मॅप्समधलं लोकेशन शेअरिंग. मग मेटाच्या, म्हणजे फेसबुक-इन्स्टाग्रामच्या कंपनीच्या, अकाउंट्स सेंटरमधली लॉगिनची यादी. शेवटी प्रत्येक ठिकाणी दोन पायऱ्यांची पडताळणी, आणि व्हॉट्सअॅपला सहा आकडी पिन. आयफोनमध्ये 'सेफ्टी चेक' नावाची सोय आहे, ती कोणाकोणाशी काय वाटलं जातंय ते एका जागी दाखवते. फोनमध्येच पाळत ठेवणारं अॅप असल्याचा संशय असेल तर हे बदल त्या फोनवरून करू नयेत, विश्वासातल्या माणसाच्या फोनवरून करावेत. अॅप सापडलं तरी लगेच उडवू नये. तो पुरावा आहे, आणि ते उडालेलं त्याला तत्काळ कळू शकतं. रागावलेला माणूस त्या क्षणी काय करेल याचा अंदाज आधी घ्यावा.

बॅगेत किंवा स्कूटरच्या डिकीत टाकलेल्या बटणाएवढ्या ट्रॅकरचंही तसंच. 2024 पासून अॅपल आणि अँड्रॉइड दोन्ही फोन 'एक अनोळखी ट्रॅकर तुमच्यासोबत फिरतोय' अशी सूचना देतात. तो सापडला तर फोटो काढावा, फोनच्या पाठीला टेकवून अनुक्रमांक दिसतो का ते बघावं, आणि घरी न जाता थेट पोलीस ठाण्यात न्यावा.

नकार कसा द्यायचा, हाही तपशिलाचाच विषय आहे. भारतीय न्याय संहितेचं कलम 78 पाठलागाबद्दल आहे. 2013 साली दंडसंहितेत 354 ड म्हणून आलेलं कलम 1 जुलै 2024 पासून या क्रमांकानं ओळखलं जातं. स्त्रीनं स्पष्ट अनिच्छा दाखवूनही तिच्याशी वारंवार संपर्क साधणं किंवा तसा प्रयत्न करणं हा गुन्हा आहे, आणि तिच्या इंटरनेट, ईमेलच्या वापरावर पाळत ठेवणं हाही. पहिल्या वेळी तीन वर्षांपर्यंत शिक्षा, पुन्हा केल्यास पाच वर्षांपर्यंत आणि तेव्हा अजामीनपात्र. 'स्पष्ट अनिच्छा' हे शब्द लक्षात ठेवण्यासारखे आहेत. 'सध्या अभ्यास आहे', 'घरचे रागावतात', 'नंतर बोलू' ही आपल्या संस्कारातली सौम्य उत्तरं आहेत, पण समोरचा त्यातून उशीर वाचतो, नकार वाचत नाही. एकच मेसेज लिहावा: 'मला तुमच्याशी कोणताही संपर्क नको आहे. यापुढे फोन, मेसेज किंवा कोणामार्फत निरोप पाठवू नका.' कारण द्यायचं नाही, कारणावर वाद घालता येतो. शिवी नाही, धमकी नाही. त्याचा स्क्रीनशॉट घ्यावा आणि त्यानंतर एक अक्षरही लिहू नये. चाळीस मेसेजनंतर वैतागून 'प्लीज थांब' लिहिलं, तर त्याला एवढंच समजतं की उत्तर मिळवायला चाळीस मेसेज लागतात.

मग ब्लॉक? अनोळखी असेल तर पुरावा घेऊन लगेच. पूर्वी मारहाण केलेला किंवा जिवाच्या धमक्या दिलेला ओळखीचा माणूस असेल तर मी घाई न करण्याच्या बाजूचा आहे. सूचना बंद करून चॅट आर्काइव्हमध्ये टाकावं आणि रोज एकदा विश्वासातल्या दुसऱ्या कोणीतरी ते वाचावं. धमकीचा सूर बदलला, 'तुझ्या ऑफिसखाली आहे' असं आलं, तर ते वेळेत कळायला हवं. तेव्हा 112. ब्लॉक करताना पैसे पाठवण्याची अॅप लोक विसरतात. तिथेही चॅट असतं, आणि एक रुपया पाठवून सोबत मजकूर लिहिता येतो.

पुराव्याचं काम कंटाळवाणं आहे आणि खटला त्याच्यावरच उभा राहतो. स्क्रीनशॉट कापू नये, वरची वेळ आणि तारीख दिसली पाहिजे. प्रोफाइलची पूर्ण लिंक लिहून ठेवावी, कारण नाव आणि फोटो एका रात्रीत बदलतात. चॅट वरपासून खालपर्यंत सरकवत स्क्रीन रेकॉर्डिंग करावं, मग 'एक्सपोर्ट चॅट'. व्हॉट्सअॅपवर रिपोर्ट करताना चॅट डिलीट करण्याची खूण चालू असेल तर ती काढावी, नाहीतर तक्रार नोंदवताना पुरावाच जातो. जीमेलमध्ये 'शो ओरिजिनल' उघडून पूर्ण हेडर, म्हणजे मेल कुठून कसा आला त्याची नोंद, जपावं. मूळ फोन विकू नये, फॉरमॅट करू नये. न्यायालयात इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 चं प्रमाणपत्र लागतं आणि त्यात फाईलची हॅश किंमत, म्हणजे फाईलवरून निघणारा तिचा आकडी ठसा, लिहावी लागते. म्हणून मूळ फाईल जशीच्या तशी हवी, ग्रुपवर फॉरवर्ड होऊन आलेली नको. आणि एक साधी वही: तारीख, वेळ, कुठून, काय, साक्षीदार कोण.

पोलीस ठाण्यात गेल्यावर 'एनसी लिहून घेतो', म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नुसती नोंद करतो, असं ऐकू येऊ शकतं. पाठलाग हा दखलपात्र गुन्हा आहे, एफआयआर मागावी. हद्दीचं कारण चालत नाही, कुठल्याही ठाण्यात नोंदवता येते. या कलमाखाली पीडितेची माहिती महिला अधिकाऱ्यानंच लिहून घ्यायची असते आणि एफआयआरची प्रत विनामूल्य मिळते. नकार मिळाला तर तक्रार लेखी, पोस्टानं पोलीस अधीक्षकांकडे पाठवावी, शहरात पोलीस उपायुक्तांकडे, आणि त्यानंतर दंडाधिकाऱ्यांकडे जाता येतं. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर स्त्रिया आणि मुलांविषयीच्या आक्षेपार्ह मजकुराची तक्रार नाव न देताही करता येते, पण पाठलाग थांबवायचा असेल तर नाव देऊनच करावी, निनावी तक्रारीचा मागोवा घेता येत नाही. उशीर करू नये. आयटी नियमांनुसार काढून टाकलेल्या मजकुराची आणि बंद झालेल्या खात्याची माहिती कंपन्यांना 180 दिवस जपावी लागते. वर्षानं गेलात तर मागायला काही उरलेलं नसू शकतं.

खाजगी किंवा बनावट नग्न फोटोंची धमकी असेल तर पैसे देऊ नयेत, एकदा दिले की मागणी वाढते. 2021 च्या आयटी नियमांनी अशा तक्रारीवर कारवाईसाठी कंपन्यांना 24 तासांची मुदत घातली. 'स्टॉप एनसीआयआय' ही साइट फोटो आपल्या फोनवरून बाहेर न नेता त्याचा फक्त हॅश बनवते आणि सहभागी कंपन्या तो फोटो ओळखून अडवतात. अठराखालच्या मुलामुलींसाठी 'टेक इट डाउन' आहे. मुलग्यांनाही ही धमकी येते. कलम 78 त्यांना लागू नाही, पण कलम 351 ची धमकी आणि आयटी कायद्याचं 66 ई, 67 लागू होतं. मुलगे मात्र सहसा कोणालाच सांगत नाहीत.

सांगत नाहीत, कारण सांगितल्यावर घरात काय होतं ते त्यांना माहीत असतं. फोन काढून घेतला जातो. क्लास बंद होतो. 'तूच काहीतरी टाकलं असशील' असं कोणीतरी म्हणतं. मुलीला यातून एवढंच कळतं की पुढच्या वेळी गप्प राहायचं, आणि पाठलाग करणाऱ्याला तेच हवं असतं. पहिल्या पाच मिनिटांत आईबाबांनी विचारायचे प्रश्न तीनच: तू ठीक आहेस ना, त्याला आपला पत्ता माहीत आहे का, आणि हे पहिल्यांदा कधी झालं. फोन तिच्याच हातात राहू द्यावा. वही आईनं किंवा भावानं लिहावी, म्हणजे तेच तेच तिला पुन्हा वाचावं लागत नाही.

तक्रारीनंतर बहुतेकदा शांतता होते. दोन महिने, तीन महिने. वही तेव्हा बंद करू नये. मग पाडव्याच्या सकाळी नव्या नंबरवरून गुढीचं चित्र येतं, खाली 'आपणास व आपल्या परिवारास हार्दिक शुभेच्छा'. बाहेरच्या कोणालाही दाखवलं तर म्हणेल, यात काय वाईट आहे. उत्तर द्यायचं नाही. स्क्रीनशॉट, नंबर, सकाळी 7 वाजून 12 मिनिटं, ओळ क्रमांक 48. वरच्या सत्तेचाळीस ओळींखाली ती लिहिली की तपास अधिकाऱ्याला वेगळं काही समजावून सांगावं लागत नाही.